अंगण पांढरं झालं, तरी तो बर्फ नव्हे

फेब्रुवारी-मार्चमधली एखादी दुपार विदर्भातल्या आमच्या लाखांदुरात अशी येते, की वारा एकदम पडतो, आभाळ काळंनिळं होतं आणि कवेलूंवर ताडताड सुरू होतं. दहा मिनिटांत अंगण पांढरं. लगेच फोटो फिरू लागतात, ‘आमच्याकडे बर्फ पडला!’ आभाळ बघत बसायचं वेड मला लहानपणापासूनचं. म्हणून हा फोटो दिसला की सांगितल्याशिवाय राहवत नाही, ही गारपीट आहे, बर्फवृष्टी नव्हे.

हिम बनतं ते ढगातल्या वाफेचे थेट स्फटिक होऊन. ते जमिनीवर टिकायला खालची हवाही शून्याच्या आसपास लागते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी हिम पडलं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसणारे हिमकणही आभाळातून आलेले नसतात. निरभ्र रात्री गवताची पाती हवेपेक्षा जास्त थंड होतात आणि त्यांच्यावरचं दव तिथंच गोठतं.

‘थंडी वाढली म्हणून गारा पडल्या’ हेही खरं नाही. गार जन्मते उन्हामुळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापू लागलेली असते, वरची हवा मात्र अजून गार असते. त्यात समुद्राकडून दमट वारे आले की तापलेली हवा उसळून वर जाते आणि उंच ढग उभा राहतो. म्हणून गारा बहुतेक दुपारनंतरच्या. पावसाळ्यात ढग असतात, पण तेव्हा गोठणपातळी, म्हणजे हवा शून्याखाली जाते ती उंची, खूप वर असते. ढगात गार बनलीच तरी खाली येईपर्यंत वितळून जाते.

एकदा अंगणातली मोठी गार उचलून विळीवर कापली होती. आत कांद्यासारखे पदर, एक दुधी, एक काचेसारखा. गार ढगात जितक्या वेळा वरखाली होते तितके पदर, असं मीही मानायचो. तसं नसतं. गार अतिथंड पाण्याच्या थेंबांतून जाताना पाणी झटकन गोठलं तर हवेचे बुडबुडे अडकून पदर दुधी होतो, सावकाश गोठलं तर पारदर्शक. एकाच प्रवासातही दोन्ही पदर चढू शकतात.

‘गारेनं काय होतंय’ म्हणून कुणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहू नये. लिंबाएवढी गार ताशी साठेक किलोमीटर वेगानं येते. मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ च्या गारपिटीत २४६ माणसं गेली. झाडाचा आडोसाही नको, कारण त्याच ढगात वीज असते. आणि तोफा डागून गारा थांबतात, याला शास्त्रीय पुरावा नाही.

२०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाडा गारपिटीनं झोडपला गेला. आमच्याकडे उभ्या धानातच उतेऱ्यानं पेरलेली लाखोळी, हे आमचं कडधान्य, या दिवसांत शेंगांवर असते. गार पडली की पांढरेपणा तासाभरात वितळतो आणि खाली फुटलेल्या शेंगा दिसतात. गारपीट सरकारी यादीत नैसर्गिक आपत्ती आहे. २०१५ पासून मदतीसाठी पिकाचं ३३ टक्के नुकसान पुरतं, त्याआधी ५० टक्के लागायचं. त्यामुळे फोटो काढायचाच असेल तर अंगणाआधी बांधीतल्या शेंगांचा काढावा, पंचनाम्याला तोच कामी येतो.