व्याघ्रगणनेंतील पाहुणे

भंडारा शहरापासून सुमारें 20 किलोमीटरवर कोक्याचें अभयारण्य आहे. साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबू यांचें हें रान 2013 सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान व नागझिरा यांच्यासह तें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत सामील करण्यांत आलें. जुन्या मंडळींच्या लेखीं नवेगांव आणि नागझिरा हीं भंडारा जिल्ह्यांतलींच ठिकाणें. 1999 सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हां तीं तिकडे गेलीं. वाघाला अर्थात् ही वांटणी ठाऊक नाहीं. नागझिऱ्यांत वाढलेला ‘जय’ नांवाचा वाघ 2013 सालीं शेतें, रस्ते व गांवें ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत जाऊन राहिला. हजारों लोकांनीं त्याला पाहिलें, आणि 2016च्या एप्रिलनंतर तो कोणाच्याच दृष्टीस पडला नाहीं. इतका नामांकित प्राणी असा नाहींसा होतो, तर ज्यांना नांव नाहीं त्यांचा हिशेब कोणीं आणि कसा ठेवावा?

सह्याद्रीचे गड पायीं चढण्याची संवय असलेल्या मुंबई-पुण्याच्या प्रवाशाची या अरण्यांत प्रथम निराशाच होते. येथें मनास येईल तसें भटकतां येत नाहीं. ठरलेल्या वाटेनें, वाटाड्यासह वाहनांतून जावें, खालीं उतरूं नये, असा नियम आहे व तो योग्यच आहे. या नियमांतून पाहुण्याला थोडी मोकळीक मिळते ती बहुधा काम पत्करल्यावरच.

त्यांतलें सोपें काम मचाणावरचें. वैशाखांत नाले आटतात, थोडे पाणवठे उरतात, आणि बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यांत पाण्यावर आलेलें जनावर दिव्यावांचून ओळखूं येतें. म्हणून त्या रात्रीं पाणवठ्याजवळच्या मचाणावर पाहुण्यांना बसवून, आलेल्या प्राण्यांची नोंद त्यांच्याकडून करून घेतली जाते. रात्र अविस्मरणीय असते यांत शंका नाहीं. परंतु हिशेब म्हणून तिची किंमत बेताचीच. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर येऊन दोनदां मोजलें जातें. आदल्या रात्रीं पाणी पिऊन गेलेला प्राणी मुळींच मोजला जात नाहीं. वनखात्यानेंही अलीकडे या उपक्रमास ‘निसर्ग अनुभव’ असें नांव दिलें आहे, आणि तें अधिक प्रामाणिक आहे.

खरी गणना निराळी. पूर्वीं वाघाच्या पाउलाचा ठसा कांचेवर रेखून किंवा प्लास्टरमध्यें उतरवून वाघ मोजीत. पण ओल्या मातीतला आणि भुरभुरीत धुळींतला ठसा एकाच वाघाचा असूनही वेगळा दिसतो. राजस्थानांतील सरिस्का येथें कागदोपत्रीं वाघ होते, आणि 2005 सालीं उघडकीस आलें कीं रानांत एकही उरला नाहीं. त्यानंतर पद्धत बदलली. आतां दर चार वर्षांनीं देशभर गणना होते. झाडांना बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं वाघाच्या दोन्ही कुशींचीं छायाचित्रें घेतात, व पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें ते पट्टे दुसऱ्या वाघाशीं जुळत नाहींत. 2022च्या गणनेंत महाराष्ट्राचा अंदाज 444 वाघांचा निघाला. 2018 सालीं तो 312 होता.

मात्र कॅमेऱ्यापूर्वीं पायपीट आहेच, आणि स्वयंसेवकाला जागा मिळते ती येथें. वनरक्षकाच्या ताब्यांतील प्रत्येक नियतक्षेत्रांत पहांटे तीन दिवस पांच-पांच किलोमीटर चालून ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे टिपावयाचे; पुढें तीन दिवस दोन किलोमीटरच्या सरळ आंखलेल्या रेषेवरून चालत चितळ, सांबर, नीलगाय यांचे कळप मोजावयाचे. कळप दिसला कीं संख्या, दिशादर्शकावरचा कोन आणि अंतर अशा तिन्ही गोष्टी लिहावयाच्या. नुसती संख्या पुरत नाहीं. रेषेपासून किती दूरपर्यंतचीं जनावरें आपल्याला दिसूं शकतात हें कळल्याखेरीज, न दिसलेल्यांचा अंदाज बांधतां येत नाहीं. नवख्या पाहुण्याला सर्वांत जड जातें तें ‘कांहीं दिसलें नाहीं’ असें लिहिणें. दोन किलोमीटर दंव तुडवून एक मोरही न दिसल्यावर, कालचें सांबर आज मांडण्याचा मोह होतो. सोबतचा वनरक्षक तें होऊं देत नाहीं. कारण हरणाची खोटी संख्या म्हणजे वाघाच्या अन्नाचा खोटा हिशेब.

हें काम सहलीचें नव्हे. 20 नोव्हेंबर 2021 रोजीं ताडोबांत अशीच चिन्हांची पाहणी करीत असतां वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीनें हल्ला केला व त्यांत त्यांचा अंत झाला. पुढें बसलेली वाघीण पाहून त्या थांबल्या होत्या, वाट बदलून जात होत्या. तरीही तसें घडलें. त्याच वर्षीं एप्रिलांत नागझिऱ्याचा वणवा विझवितांना तीन वनमजूर मृत्यु पावले. वणवा विझविणें हें पाहुण्याचें काम नाहीं, कितीही उत्साह असला तरी. उन्हाळ्यांत येणाऱ्यानें विडी-काडी रानाबाहेर ठेवली तरी मोठी मदत होते.

गणनेसाठीं अर्ज करणाऱ्यानें एवढें पाहावें कीं, सलग सहा पहांटे थंडींत न बोलतां चालण्याची आपली तयारी आहे काय. कपडे मातकट रंगाचे असावेत, अत्तर नसावें, आणि वनरक्षकानें हात वर केला कीं कारण न विचारतां जागच्या जागीं उभें राहावें.