खारीचा वाटा : पाचिरिसू विश्वविजेत्या संघात कशी आली?

आजचा विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिलं. हरकत नाही. आपण एका खारीबद्दल बोलणार आहोत. पांढरी-निळी, गालांवर पिवळे ठिपके आणि अंगापेक्षा मोठी शेपटी असलेली ही खार पोकेमॉनच्या खेळातली आहे. तिचं नाव पाचिरिसू. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन डी.सी. इथे पोकेमॉनच्या व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा झाली. प्रौढ गटाचा अंतिम सामना दक्षिण कोरियाचा से-जून पार्क आणि अमेरिकेचा ज्यूडी अझारेली यांच्यात होता. पार्क जिंकला, आणि त्याच्या संघात ही खार होती.

ज्यांनी हा खेळ कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडूकडे सहा प्राण्यांचा संघ असतो. सामन्याआधी दोघांनाही एकमेकांचे सहा प्राणी दिसतात. मग प्रत्येक जण त्यातले चार निवडतो, आणि मैदानात एका वेळी प्रत्येकी दोन उतरतात. म्हणजे ही जोड्यांची लढत असते. प्रत्येक प्राण्याला फक्त चार डावपेच शिकवता येतात आणि एकच वस्तू सोबत देता येते. एवढं लक्षात ठेवलं तरी आज पुरे.

आता आकडे बघू. प्रत्येक प्राण्याचे सहा मूळ गुण असतात : जीवबळ (खेळाडू त्याला एचपी म्हणतात), हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. पाचिरिसूच्या सहा गुणांची बेरीज 405. त्याच संघातल्या गॅराडोसची 540, गार्चॉम्पची 600. पाचिरिसूचा हल्ला 45 आणि विशेष हल्लाही 45. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घ्यायचे, तो बाद झाला तरी मोजायचा नाही. कागदावर पाचिरिसू तशीच दिसते. मग जगातल्या सगळ्यात अवघड स्पर्धेत ती काय करत होती?

या विजयाची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगितली जाते : मनापासून खेळा, आवडता प्राणी घ्या, जिद्द असेल तर कुणीही जिंकतं. गोष्ट गोड आहे, पण ती पार्कवर अन्याय करते. त्याने केलेला विचारच ती पुसून टाकते. आमचं म्हणणं असं की पाचिरिसू लाडाने घेतलेली नव्हती. त्या वर्षीच्या नियमांत, त्या संघात, एका ठरावीक कामाला तीच सगळ्यात योग्य होती. हे कसं, ते आता पायरी-पायरीने पाहू.

काम कोणतं होतं?

पार्कच्या संघात पाचिरिसूबरोबर गॅराडोस, गार्चॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डव्हॉयर आणि गॉथिटेल होते. यातला गॅराडोस सामन्यात एकदा 'मेगा' रूप घेतो आणि फार ताकदवान होतो. पण त्याचं एक दुखणं आहे, वीज. मूळ रूपात गॅराडोस पाणी आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा असतो, त्यामुळे विजेचा हल्ला त्याला चौपट लागतो. मेगा रूपात उड्डाण जाऊन अंधार हा प्रकार येतो, तरी वीज दुप्पट लागतेच. मग अशा प्राण्याच्या शेजारी कोण उभा करायचा? जो त्याच्यावर येणारा मार स्वतःकडे ओढून घेईल, आणि ओढूनही टिकेल.

मार ओढून घेणाऱ्या डावपेचाचं नाव 'फॉलो मी'. तो वापरला की त्या फेरीत एकाच लक्ष्यावर होणारे विरोधकांचे हल्ले त्या प्राण्याकडे वळतात. पाचिरिसूला हा डावपेच येतो. शिवाय तिला 'व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब' ही क्षमता असू शकते. ती असेल तर वीज तिला लागतच नाही, उलट तिचं एक चतुर्थांश जीवबळ भरून येतं. म्हणजे गॅराडोसला जे विष, ते हिच्यासाठी औषध. विरोधकाने गॅराडोससाठी राखून ठेवलेली वीज खारीच्या पोटात जाते, आणि गॅराडोस त्या फेरीत मोकळा खेळतो.

दुसरं कोणी चाललं नसतं का?

हा खरा प्रश्न आहे. कुणी वेगळी निवड केली की आधी हेच विचारायचं : नेहमीचा गडी का नाही?

त्या काळी या कामाचा नेहमीचा गडी अमूंगस. हा अळंबीसारखा प्राणी 'रेज पावडर' वापरतो, आणि त्याचं काम जवळपास 'फॉलो मी'सारखंच आहे. त्याचं मूळ जीवबळ 114, पाचिरिसूचं 60. शिवाय तो समोरच्याला झोपवतो. मग तोच का नाही? दोन कारणं. एक, 2013 साली आलेल्या 'एक्स' आणि 'वाय' या खेळांपासून नियम असा झाला की गवत प्रकारच्या प्राण्यांवर पावडर चालत नाही, आणि 'सेफ्टी गॉगल्स' ही वस्तू घेतलेल्यांवरही नाही. 'फॉलो मी'ला अशी पळवाट नाही. दुसरं, त्या वर्षी टॅलनफ्लेम हा पक्षी जिकडे-तिकडे दिसत होता. त्याचा 'ब्रेव्ह बर्ड' हा उड्डाणाचा हल्ला त्या वेळी बाकीच्यांच्या आधी होत असे. अमूंगसला उड्डाणही दुप्पट लागतं आणि आगही. पाचिरिसू विजेच्या प्रकारची असल्याने तिला उड्डाण निम्मंच लागतं. आणि 'फॉलो मी' त्या 'ब्रेव्ह बर्ड'च्याही आधी होतो, म्हणून ती वेळेवर पुढे येऊ शकते.

मग रायचू? त्याच्या 'लाइटनिंग रॉड' क्षमतेने वीज आपोआप त्याच्याकडे वळते, फेरीही खर्च होत नाही. पण वळते ती फक्त वीज. गॅराडोसवर येणारा दुसरा कुठलाही हल्ला तो अडवत नाही, आणि त्याचा मूळ बचाव 55, पाचिरिसूचा 70. मग स्मिअर्गल? तो जवळजवळ कुठलाही डावपेच उतरवून घेतो, 'फॉलो मी'सुद्धा. पण त्याचा बचाव 35 आणि विशेष बचाव 45. मार ओढून घेईल आणि तिथेच कोसळेल.

आता गाळणी लावून बघा. सगळ्या प्रकारचा मार ओढणारी, वीज पिणारी, टॅलनफ्लेमला न घाबरणारी आणि टिकणारी. चारही अटी लावल्या की हातात खारच उरते.

ती खरंच टिकते का?

शब्दांवर विश्वास ठेवू नका, हिशोब करू. स्पर्धेत सगळे प्राणी 50व्या पातळीवर असतात. प्रत्येकाला तालमीचे 510 गुण वाटता येतात, एका गुणात जास्तीत जास्त 252. समजा आपण जीवबळात 252, बचावात 252 आणि उरलेल्यातले 4 विशेष बचावात घातले, स्वभावही बचाव वाढवणारा निवडला. अशा पाचिरिसूचं जीवबळ 167 होतं.

समोर सालमेन्स आहे असं धरा. त्याचा विशेष हल्ला तालमीने पूर्ण वाढवलेला आहे, सोबत ताकद वाढवणारी वस्तू नाही. तो 'ड्रॅको मीटिअर' टाकतो, जो ड्रॅगन प्रकारातल्या सगळ्यात जबर हल्ल्यांपैकी एक. सूत्रात आकडे भरले तर नुकसान येतं 108 ते 127. खार उभी! वाईटात वाईट धरलं तरी 40 उरतात. सोबत 'सिट्रस बेरी' दिली असेल, आणि पार्कने तीच दिली होती, तर ते फळ एक चतुर्थांश, म्हणजे 41, परत देतं. खार 81 वर.

आता तिचा एकमेव कच्चा दुवा, जमीन. गार्चॉम्पचा 'अर्थक्वेक' तिला दुप्पट लागतो, आणि तो सगळ्यांवर पसरत असल्याने 'फॉलो मी'चा इथे उपयोग नाही. पूर्ण हल्ला वाढवलेल्या गार्चॉम्पचं नुकसान 116 ते 138. म्हणजे पूर्ण जीवबळ असताना इथेही ती एकदा वाचते. गॅराडोसने मैदानात येताना आपल्या क्षमतेने विरोधकाचा हल्ला कमी केलेला असेल, तर हा आकडा आणखी खाली येतो.

पण ती मारणार काय?

हल्ला 45 असलेल्या प्राण्याकडून मार मागण्यातच चूक आहे. पार्कने तिला चार डावपेच दिले : 'फॉलो मी', 'प्रोटेक्ट', 'नझल' आणि 'सुपर फँग'. 'प्रोटेक्ट' तिला फेरीभर वाचवतो. 'नझल'ची मारक ताकद अगदी थोडी, 20, पण तो लागला की समोरच्याला हमखास लकवा बसतो. त्या वेळच्या नियमांत लकवा बसलेल्याचा वेग एक चतुर्थांशावर येत असे. 'सुपर फँग' तर समोरच्याचं उरलेलं जीवबळ थेट निम्मं करतो. त्यात आपला हल्ला किती, हा प्रश्नच येत नाही. त्या वर्षी दरारा असलेल्या कांगास्कानचं पूर्ण वाढवलेलं जीवबळ 212. एका चाव्यात 106 गेले. उरलेलं काम गॅराडोसचं.

बघा, कमकुवत हल्ल्याचा तोटा सोसावाच लागणार नाही असेच डावपेच निवडलेत. ही यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट.

तोटे नाहीत का? आहेत. भूत प्रकारावर 'सुपर फँग' चालत नाही. जमीन प्रकारावर 'नझल' चालत नाही. जोडीदार पडला की एकटी खार सामना ओढून नेऊ शकत नाही.

आम्ही काय चुकलो

त्या अंतिम सामन्यानंतर आम्हीही पाचिरिसू वाढवली. तेच चार डावपेच, तीच बेरी. आणि हरलो, एकदा नाही, सलग. कारण सोपं होतं. आमच्या संघात विजेला घाबरणारं असं कोणी नव्हतंच, ज्याला वाचवायचं. आम्ही खार घेतली, पण तिला काम दिलं नाही. 'फॉलो मी' करून ती मार खायची आणि शेजारचा प्राणी मिळालेली फेरी वाया घालवायचा. दुसऱ्याचं उत्तर उतरवलं, प्रश्न मात्र आमच्या वहीत नव्हता.

आणि प्रश्नही बदलत असतो. 2014 च्या नियमांत फक्त कालोस प्रदेशाच्या यादीतले, साडेचारशेच्या आसपास प्राणी चालत होते. पुढच्या वर्षी दार उघडलं आणि जमीन प्रकारचा लँडोरस मैदानात आला. 2015 मध्ये बोस्टनला जिंकलेल्या संघात मार ओढायला पुन्हा अमूंगसच होता. खार तीच होती, तिच्या भोवतीचं जग बदललं होतं.

एक प्रश्न, एक उत्तर

व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं, "सर, तो जिंकला कारण समोरच्याला धक्का बसला, असं नाही का?" प्रश्न चांगला आहे. थोडा फायदा झालाही असेल, कारण पाचिरिसूविरुद्ध सराव कोण करून आलेला असणार? पण आठवा, सहाही प्राणी आधी दिसतात. अंतिम सामना तीन डावांचा असतो, त्यामुळे पहिल्या डावात जे दिसलं त्याचा विचार दुसऱ्या डावाआधी करता येतो. शिवाय अंतिम सामन्यापर्यंत पोचायला आधी कितीतरी जणांना हरवावं लागतं. नुसता धक्का इतका लांब पुरत नाही.

म्हणून तुमचा आवडता, कुणी न घेतलेला प्राणी जरूर घ्या. फक्त घेण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या संघाला कोणतं काम हवंय? ते काम नेहमीचा गडी का करू शकत नाही? आणि हा प्राणी ते करताना नेमका कशाने मरेल? तिसऱ्या ओळीत आकडा हवा, विशेषण नको.

रामाच्या सेतूच्या गोष्टीमुळे आपण 'खारीचा वाटा' म्हणतो तेव्हा थोडीशी, प्रेमापोटी केलेली मदत असा अर्थ घेतो. पार्कच्या खारीचा वाटाही छोटाच होता : मार खाणं, वेग कमी करणं, जीवबळ निम्मं करणं. पण तो काढून घेतला असता तर गॅराडोसला वीज लागली असती.

पुढच्या वेळी येताना आपापल्या तीन ओळी लिहून आणा. आपण त्या इथेच फळ्यावर तपासू.