अपघात आणि रक्तस्राव – भाग ६ : अर्ध्यावर थांबण्यातलं शहाणपण

मागच्या भागात पाहिलं, की पोटाला मार लागला तर आत दीड-दोन लिटर रक्त साचूनही बाहेर थेंब दिसत नाही. सोनोग्राफीत ते रक्त दिसलं आणि रक्तदाब ढासळत असेल, तर रुग्णाला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. तिथे सर्जननं फाटलेलं सगळं एकाच वेळी शिवून टाकावं, अशी आपली अपेक्षा असते. एके काळी सर्जनही तेच करत. पण कितीदा तरी शस्त्रक्रिया नीट पार पडे आणि रुग्ण मात्र दगावे.

याचं कारण रक्ताच्या गोठण्यात आहे. रक्त गोठवणारी प्रथिनं ३७ अंशांच्या आसपास नीट काम करतात. खूप रक्त गेलं की शरीराला पुरेशी ऊब धरता येत नाही. त्यात उघडं पोट, थिएटरचा एसी आणि गार सलाइन. तापमान ३५ अंशांखाली उतरतं. पेशींना प्राणवायू कमी पडून रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढतं. गारठा आणि आम्लता या दोन्हींमुळे रक्त गोठेनासं होतं, म्हणून आणखी वाहतं, आणि शरीर आणखी गारठतं. मग मोठी रक्तवाहिनी बांधली तरी कापलेल्या कडांतून, अगदी सुई टोचलेल्या जागेतूनही पातळ रक्त झिरपत राहतं. असं रक्त टाक्यांनी थांबत नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेतले सर्जन हार्लन स्टोन आणि सहकाऱ्यांनी अशा ३१ रुग्णांचा अनुभव मांडला. नेहमीच्या पद्धतीनं शस्त्रक्रिया पूर्ण केलेल्या १४ जणांपैकी एकच वाचला. पुढच्या १७ जणांची शस्त्रक्रिया मुद्दाम मध्येच थांबवली, पोटात कापडी घड्यांचे पॅक (मॉप) भरले. त्यांतले ११ वाचले. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मायकेल रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचे टप्पे नीट बांधून दिले आणि 'डॅमेज कंट्रोल' हे नाव रूढ झालं.

पहिल्या टप्प्यात फक्त रक्त आणि घाण थांबवायची. फाटलेल्या यकृताभोवती मॉप घट्ट दाबून बसवतात. फुटलेली प्लीहा काढून टाकतात. आतडं फाटलं असेल तर दोन्ही टोकं बंद करतात, जोडत बसत नाहीत. आत किती मॉप ठेवले याची नोंद होते, आणि पोट न शिवता तात्पुरतं झाकून रुग्णाला आयसीयूत हलवतात. दुसऱ्या टप्प्यात ऊब, रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट देऊन शरीर सावरतात. साधारण २४ ते ४८ तासांनी तिसरा टप्पा : मॉप काढणं, आतडं जोडणं, जमल्यास पोट बंद करणं.

ही पद्धत सरसकट सगळ्यांसाठी नाही. उघड्या पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आतड्याला भोक पडू शकतं, पुढे हर्निया होऊ शकतो. शरीर साथ देत असेल तर एकाच वेळी सगळं उरकणंच बरं. पण थांबायचं असेल तर रक्त गोठेनासं होण्याआधी थांबावं लागतं. म्हणून सर्जनचे हात पोटात असताना भूलतज्ज्ञ तापमान आणि रक्तातली आम्लता सांगत राहतात; कुठवर जायचं, हे त्या आकड्यांवरून ठरतं. तेव्हा नातेवाइकांनो, 'ऑपरेशन अर्धवट ठेवलंय' असं डॉक्टर म्हणाले, तर त्यात हयगय झाली असं लगेच समजू नका.

पुढच्या भागात : ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त, जुनं औषध आणि त्याची तीन तासांची मुदत.