सभाभीती आणि चवदार तळे

श्रोत्यांसमोर उभे राहताच घसा कोरडा पडणे, हात कापणे, हृदयाचे ठोके वाढणे यांस सभाभीती म्हणतात. इतर आपले मूल्यमापन करीत आहेत या जाणिवेने शरीरात अ‍ॅड्रेनालिन स्रवते व ही लक्षणे उद्भवतात. सभाभीती ही सामान्यतः वैयक्तिक उणीव मानली जाते. तथापि तिला सामाजिक बाजूही आहे.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले; परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. म्हणजेच तेथील भय काल्पनिक नव्हते. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हजारो लोक पुन्हा महाडला जमले. बाबासाहेबांनी स्त्रियांनाही स्वतंत्रपणे संबोधित केले.

यावरून भीतीचे दोन प्रकार संभवतात. हसे होण्याची भीती क्रमशः सरावाने ओसरते : प्रथम मित्रांसमोर, मग वर्गासमोर, नंतर सभेत. बोलल्याबद्दल शिक्षा होण्याची भीती मात्र केवळ सरावाने जात नाही. तीस सोबत, संघटन व कायद्याचे संरक्षण लागते. म्हणून गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्यास भित्रा ठरविण्यापूर्वी त्याची भीती कोणत्या प्रकारची आहे, हे शिक्षकाने पाहणे आवश्यक ठरते.