दूरस्थ साक्षांकन : संगणकाच्या विश्वासार्हतेची दुरून पडताळणी आणि परभणी जिल्ह्यातील आधार-आधारित सेवा

सारांश

नागरिकाची ओळख यंत्राद्वारे पडताळली जाते, तेव्हा त्या यंत्राची पडताळणी कोण करतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दूरच्या संगणकावर कोणती संचालन प्रणाली प्रत्यक्षात चालू आहे याचा स्वाक्षरीयुक्त पुरावा मागण्याच्या पद्धतीस दूरस्थ साक्षांकन म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, कार्य आणि मर्यादा यांचे विवेचन परभणी जिल्ह्यातील दैनंदिन व्यवहारांच्या संदर्भात केले आहे.

बीजशब्द : साक्षांकन, डिजिटल स्वाक्षरी, हॅश, संचालन प्रणाली, नोंदणीकृत उपकरण

प्रस्तावना

आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग म्हणून ओळखले जाते. शासन आणि नागरिक यांच्यातील अनेक व्यवहार कागदावरून संगणकावर आले आहेत. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या ९ तालुक्यांच्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८,३६,०८६ इतकी होती. शेती हा येथील जीवनाचा मुख्य आधार आहे. रास्त भाव दुकानातून धान्य घेताना, आधार संलग्न खात्यातून पैसे काढताना किंवा पीएम किसान योजनेची ई-केवायसी करताना येथील शेतकरी व शेतमजूर एका छोट्या यंत्रावर अंगठा ठेवतो. निर्णय मात्र दूरच्या शहरातील संगणक देतो. त्या दूरच्या संगणकाला ना माणूस दिसतो, ना यंत्र. त्याच्यापर्यंत केवळ काही अंक पोहोचतात. त्या अंकांवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, हा या लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे

१) डिजिटल स्वाक्षरी व दूरस्थ साक्षांकन यांतील भेद स्पष्ट करणे.
२) दूरस्थ साक्षांकनाची कार्यपद्धती समजावून घेणे.
३) आधार प्रमाणीकरणातील उपकरणांच्या संदर्भात या तत्त्वाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

विषय विवेचन

१. स्वाक्षरी आणि साक्षांकन

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला भारतात कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अशा उताऱ्याच्या मजकुरावरून गणिती क्रियेने एक ठरावीक लांबीचा अंक काढला जातो. त्यास हॅश म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. हा हॅश खासगी किल्लीने स्वाक्षरित केला जातो आणि सार्वजनिक किल्लीने कोणालाही त्याची खातरजमा करता येते.

या स्वाक्षरीने दोन गोष्टी सिद्ध होतात : ती कोणत्या किल्लीने केली आणि त्यानंतर मजकूर बदलला की नाही. स्वाक्षरी करणारा संगणक त्या क्षणी निर्दोष होता, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. संगणकात घातक प्रोग्राम शिरला असेल, तर तो खोट्या मजकुरावरही खरी स्वाक्षरी उमटवू शकतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी उभी केलेली बनावट यंत्रणा मंजुरी देत राहिली, असे त्या वेळी समोर आले. संदेश अपेक्षित मार्गाने आला, एवढ्यावरून तो विश्वासार्ह ठरत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे.

'साक्षांकन' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. प्रवेश अर्जासोबत जोडलेल्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेण्याची प्रथा दीर्घकाळ होती. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वयंसाक्षांकन स्वीकारले. कारण मूळ कागदपत्र पुढे केव्हाही तपासता येते. संगणकाच्या बाबतीत मात्र स्वयंसाक्षांकन निरुपयोगी ठरते. बाधित संगणकाला "तू ठीक आहेस का?" असे विचारल्यास तो "होय" असेच उत्तर देईल. म्हणून त्याच संगणकात, परंतु संचालन प्रणालीच्या आवाक्याबाहेर, एक स्वतंत्र साक्षीदार असावा लागतो.

२. दूरस्थ साक्षांकनाची कार्यपद्धती

हा साक्षीदार म्हणजे टीपीएम ही सुरक्षा चिप होय. ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली व तिने या चिपची मानके विकसित केली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही अट ठेवण्यात आल्याने ती सामान्य संगणकांतही रूढ झाली. चिपमधील खासगी किल्ली चिपच्या बाहेर पडत नाही.

संगणक सुरू होताना प्रथम फर्मवेअर, नंतर बूट लोडर, नंतर संचालन प्रणालीचा गाभा अशा क्रमाने प्रोग्राम चालू होतात. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याकडे सूत्रे देण्यापूर्वी त्याचा हॅश काढतो आणि चिपकडे नोंदवतो. चिपमधील नोंदस्थानास पीसीआर म्हणतात. तेथे नवी नोंद जुनी पुसून लिहिली जात नाही. जुने मूल्य व नवा हॅश एकत्र करून त्यांचा पुन्हा हॅश काढला जातो आणि तो तेथे ठेवला जातो. त्यामुळे संगणक चालू असताना संचालन प्रणालीच्या या नोंदी मागे जाऊन बदलता येत नाहीत.

महसुली दप्तराच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते, तर ती स्थिती कोणकोणत्या नोंदींनी आली हे गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. त्याचप्रमाणे पीसीआरमध्ये अंतिम मूल्य असते आणि ते कसे तयार झाले याची क्रमवार यादी संगणक वेगळी ठेवतो. ही यादी सामान्य स्मृतीत असल्याने तिच्यात खाडाखोड होऊ शकते. परंतु तशी झाल्यास यादीवरून काढलेले मूल्य पीसीआरशी जुळणार नाही. फेरफार आणि सातबारा जुळला नाही की संशय येतो, तसेच हे आहे.

दूरचा तपासनीस संगणक प्रथम एक यादृच्छिक अंक पाठवतो. चिप तो अंक आणि पीसीआरची मूल्ये एकत्र घेऊन आपल्या किल्लीने स्वाक्षरी करते. दर वेळी अंक नवा असल्यामुळे कालचे स्वच्छ उत्तर आज पुन्हा दाखवता येत नाही. तपासनीस स्वाक्षरी, अंक व यादी पडताळतो आणि यादीतील प्रत्येक हॅश मान्यताप्राप्त हॅशच्या संग्रहाशी ताडून पाहतो. लिनक्सच्या गाभ्यात २००९ पासून आयएमए ही सुविधा असून तिच्या साहाय्याने संगणक सुरू झाल्यानंतर उघडल्या जाणाऱ्या फाइलींचीही अशी नोंद ठेवता येते. ही चिप कोणताही प्रोग्राम अडवत नाही, ती केवळ साक्ष देते. साक्षीवरून निर्णय घेणे हे तपासनीसाचे काम आहे.

३. आधार प्रमाणीकरणातील नोंदणीकृत उपकरणे

अंगठ्याची प्रतिमा साध्या स्कॅनरमधून संगणकाकडे उघड्या स्वरूपात जात असेल, तर ती साठवून ठेवून नंतर पुन्हा वापरली जाण्याचा धोका असतो. म्हणून भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आणली. अशा प्रत्येक उपकरणास स्वतंत्र ओळख असते व त्याने घेतलेली जैविक माहिती स्वाक्षरित आणि कूटबद्ध होऊनच पुढे जाते.

या उपकरणांचे एल-० व एल-१ असे दोन स्तर ठरवण्यात आले. एल-० मध्ये स्वाक्षरी व कूटबद्धीकरण यजमान संगणकाच्या संचालन प्रणालीत चालणारा प्रोग्राम करतो. एल-१ मध्ये हे काम उपकरणातील सुरक्षित कक्षात होते. पहिल्या स्तरात संचालन प्रणालीवर विश्वास ठेवावा लागतो, दुसऱ्यात त्या विश्वासाची गरज बरीच कमी होते. ही व्यवस्था म्हणजे पूर्ण अर्थाने दूरस्थ साक्षांकन नव्हे. परंतु संचालन प्रणालीबाहेरचा साक्षीदार हे तत्त्व दोहोंत समान आहे.

अर्थात, यंत्र अस्सल असले तरी त्यावर ठेवलेले बोट अस्सल असेलच असे नाही. बनावट ठशांना आळा घालण्यासाठी प्राधिकरणाने २०२३ मध्ये बोट जिवंत व्यक्तीचे आहे का हे तपासणारी अतिरिक्त व्यवस्था सुरू केली.

४. मर्यादा

पहिली मर्यादा अशी की साक्षांकनाने प्रोग्रामची ओळख पटते, त्याचा निर्दोषपणा नव्हे. मान्यताप्राप्त प्रोग्राममध्येच त्रुटी असेल व हल्लेखोराने चालू स्मृतीत शिरकाव केला असेल, तर हॅश जुळूनही धोका राहतो.

दुसरी मर्यादा देखभालीची आहे. प्रत्येक सुधारित आवृत्तीबरोबर हॅश बदलतो. संग्रह अद्ययावत नसेल तर निर्दोष यंत्रही संशयित ठरते. जोडणी क्षीण असलेल्या गावात आवृत्ती वेळेवर पोहोचली नाही तरी तेच घडते.

तिसरी मर्यादा अधिकाराची आहे. कोणता प्रोग्राम मान्य हे ठरवणारा बहुधा यंत्राचा मालक नसतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी याच कारणास्तव या तंत्रज्ञानास विरोध केला. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, टीपीएम २.० नसलेल्या जुन्या संगणकांना विंडोज ११ कडे अधिकृतपणे जाता येत नाही. जुन्या संगणकांवर चालणाऱ्या ग्रामीण सेवा केंद्रास याचा आर्थिक भार सोसावा लागतो.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. यंत्र पडताळणीत नापास झाले की त्याचा परिणाम यंत्रावर नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या माणसावर होतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार धान्य हा पात्र कुटुंबाचा हक्क आहे. प्रमाणीकरण अयशस्वी झाले म्हणून पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, असे निर्देश केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिले होते. यंत्राच्या साक्षांकनासही हेच तत्त्व लागू व्हावयास हवे.

निष्कर्ष

१) डिजिटल स्वाक्षरी मजकुराची ग्वाही देते, तो मजकूर तयार करणाऱ्या यंत्राच्या स्थितीची ग्वाही दूरस्थ साक्षांकन देते. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.
२) संशयित यंत्राचा जबाब त्याच्या स्वतःच्या तोंडून न घेता स्वतंत्र साक्षीदाराकडून घेणे हे या पद्धतीचे सार आहे.
३) परभणीसारख्या जिल्ह्यात अशी पडताळणी स्वीकारताना वेळेवर अद्ययावत आवृत्ती, जुन्या यंत्रांच्या बदलासाठी साहाय्य आणि पर्यायी पडताळणीची लेखी व्यवस्था आवश्यक आहे.
४) पडताळणीत नापास झालेले यंत्र बाजूला ठेवावे, त्यासाठी पात्र माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे समर्थनीय नाही. यंत्राच्या दोषाची किंमत माणसाला मोजावी लागू नये, या कसोटीवरच अशा व्यवस्थेचे यश तपासले पाहिजे.