मुलीची बाहुली होते, ती गोष्ट मुलांना द्यायची का?

लंडन, १८६०. एका श्रीमंत डॉक्टरची मुलगी क्लारा बाराव्या वाढदिवसाला घरी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ठेवायला लावते. त्यानंतर ती गायब होते. खेळ करणाऱ्या ग्रिसिनीने जादूने तिचीच बाहुली केलेली असते!

ही आहे लॉरा एमी श्लिट्झ यांची ‘स्प्लेंडर्स अँड ग्लूम्स’ (२०१२) ही कादंबरी. २०१३ मध्ये तिला ‘न्यूबेरी ऑनर’ हा बालसाहित्यातला मानाचा अमेरिकन सन्मान मिळाला. तरी वाचकांचं एकमत नाही.

काहींना धुक्यातलं लंडन, चेटकीण आणि शापित रत्न यांनी खिळवून ठेवलं. काहींना गोष्ट संथ वाटते. मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे: अनाथ मुलांना छळणारा मालक, घरातले मृत्यू, हे सगळं मुलांसाठी फार भयाण नाही का?

पण जादू बाजूला ठेवली तर यातलं बरंचसं भय खरं आहे. क्लाराची भावंडं कॉलऱ्याने गेलेली असतात. प्रत्यक्षात १८५३-५४ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये १० हजारांहून जास्त माणसं दगावली. आपणच का वाचलो, हा अपराधीपणा क्लाराला आतून खातो. घरातलं माणूस गमावलेल्या कुठल्याही मुलाला तो ओळखीचा वाटेल.

म्हणून पुस्तक लपवू नका. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसोबत बसून वाचा. भीती वाटली तर विचारायला कुणीतरी शेजारी हवं, इतकंच.