३९ अंकांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

२ चा १२७वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. द्विमान पद्धतीत ती लिहायला सलग १२७ वेळा १ हा अंक पुरतो. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी ती मूळ असल्याचं हाताने आकडेमोड करून दाखवलं. एकेका संख्येने भागून पाहायचं तर वीस अंकी भाजकांपर्यंत जावं लागलं असतं! त्यांनी शोधलेल्या कसोटीला पुढे डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत रूप दिलं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, या ३९ अंकी संख्येने भागून बाकी ठेवा; हेच १२५ वेळा. शेवटी बाकी शून्य उरते, म्हणजे संख्या मूळ आहे. एकही भाजक न तपासता मिळालेला हा निर्णय मला अंकगणितातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतो. १९५१पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

तिला २ च्या १२६व्या घाताने गुणलं की ७७ अंकांची परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी. शिवाय २, ३, ७, १२७ आणि ही, अशी एक साखळी आहे: प्रत्येक वेळी २ चा तितकावा घात, वजा १. पाचही संख्या मूळ आहेत. सहावी मूळ आहे का, हे अजून कोणालाही ठरवता आलेलं नाही.